ओढते, पण पेलते का?

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर विकणारा माणूस तुमच्या गाडीच्या दारावरचा स्टिकर वाचत नाही. त्याला तशी सक्ती नाही आणि गरजही वाटत नाही. गाडी कुठली, कुठल्या सालची, एवढं तो विचारतो, संगणकात बघतो, 'तुमचा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, हा ट्रेलर भरला तरी साडेसात हजारांचा, काळजीच नको' असं सांगतो आणि कर्जाचे कागद पुढे सरकवतो. हे वाक्य बेजबाबदार आहे. त्यावर विसंबून कॅलिफोर्नियातल्या आपल्या बे एरियातली मराठी कुटुंबं मागच्या सीटवर पोरं बसवतात, कधी भारतातून आलेली आजीही बसवतात, आणि तीन टनांहून जड धूड मागे बांधून योसेमिटीचा डोंगर चढायला निघतात. माझा राग त्या वाक्यावर आहे. ते वाक्य तपासून न घेणाऱ्या आपल्या लोकांवरही आहे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं असतं, फक्त इंजिन नसतं. गाडीच्या मागच्या हिचवर एक पोलादी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची जीभ बसते. करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली आणि या धंद्याला उधाण आलं. अशा सगळ्या फिरत्या घरांना इथे आरव्ही म्हणतात. २०२१ मध्ये सगळ्या प्रकारचे मिळून सुमारे सहा लाख आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडले, तो विक्रम होता. त्यांतले बहुतेक इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या भागात बनतात. मुलांना तंबूत झोपवायला नको, आपल्या हाताने आमटी-भात करता यावा, स्वच्छ संडास हवा, ही आपल्या लोकांची ओढ मला पूर्ण मान्य आहे. कुटुंबाने असं फिरावं असंच मला वाटतं. म्हणूनच हे लिहितो आहे.

आता त्या अकरा हजारांकडे येऊ. हा आकडा खोटा नाही. पण तो तुमच्या कुटुंबासाठी काढलेला नाही. गाडी किती ओढू शकते हे ठरवायचं एसएई जे२८०७ नावाचं एक प्रमाण आहे, ते २००८ मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने आकडा छापत असे. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून ते पाळलं आणि त्या ट्रकचे आकडे खाली आले. बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी त्यानंतरही काही वर्षं टाळाटाळ केली. प्रमाण चांगलं आहे. अॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ, भर उन्हाळ्याचं तापमान, एसी पूर्ण सुरू, आणि तरी ठरावीक वेगाच्या खाली यायचं नाही, असा त्याचा कस असतो. पण त्या हिशेबात गाडीत माणसं किती? दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. पोरं नाहीत, आजी नाही, ट्रकच्या मागच्या हौद्यात, म्हणजे बेडमध्ये, सायकली नाहीत, जळाऊ लाकूड नाही, जनरेटर नाही. कुटुंब घेऊन कॅम्पिंगला जाणाऱ्या माणसाला हा आकडा दाखवून ट्रेलर गळ्यात मारणं ही फसवणूक आहे. कायद्यात ती बसत नसेल, पण माझ्या लेखी तिला दुसरं नाव नाही.

तुमच्या कामाचा आकडा दुसरीकडे लिहिलेला आहे. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, टायरमध्ये हवा किती ठेवायची ते सांगणारा पांढरा-पिवळा स्टिकर असतो. त्यावर एक वाक्य असतं, की माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या किलोंच्या म्हणजे इतक्या पौंडांच्या वर कधीही जाता कामा नये. हाच पेलोड. तो तुमच्याच गाडीचा असतो, कारखान्यातून ती ज्या साजशृंगारासह निघाली तो सगळा वजा करून काढलेला. छपराची काच, चामड्याच्या सीट, मोठी चाकं, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, यांतली प्रत्येक गोष्ट या आकड्यातून कापली जाते. म्हणून एकाच मॉडेलमधला सगळ्यात महागडा ट्रक बहुधा सगळ्यात कमी भार पेलतो. आपले लोक हौसेने सगळ्यात वरचं मॉडेल घेतात आणि मोठा पैसा मोजून पेलोड गमावतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. जाहिरातीतला पेलोड मात्र त्यांनी न घेतलेल्या, साध्यातल्या साध्या ट्रकचा असतो.

ट्रेलर चाकांवर चालतो, मग त्याचा गाडीवर भार कसला, असं विचारणारे सुशिक्षित इंजिनिअर मला भेटले आहेत. भार जिभेचा. ट्रेलर रस्त्यावर सरळ चालायचा असेल तर त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार त्या गोळ्यावर पडलाच पाहिजे. इथे त्याला टंग वेट म्हणतात. हा भार गाडीच्या अंगावर येतो आणि थेट पेलोडमधून वजा होतो. माहितीपत्रकात टंग वेट छापलेलं असतं, पण ते रिकाम्या ट्रेलरचं. त्यात गॅस नाही, बहुतेकदा बॅटरी नाही, पाणी नाही, सामान नाही. आणि गॅसच्या टाक्या व बॅटऱ्या बसवतात कुठे? जिभेवरच. वीस पौंडी म्हणून विकली जाणारी टाकी भरल्यावर सुमारे ३७ पौंडांची होते. अशा दोन असतात.

हिशेब मांडून दाखवतो. हे सगळे आकडे या वर्गातले नेहमीचे आहेत. इथे 'अर्ध्या टनाचा' म्हणतात त्या वर्गातला चार दारांचा ट्रक, दारावर पेलोड १४५० पौंड, जाहिरातीत ओढण्याची क्षमता ११,००० पौंड. ट्रेलर मुलांच्या दोन मजली पलंगांचा, ज्याला बंकहाऊस म्हणतात तो. रिकामा ६२०० पौंड, कमाल मर्यादा ७६००, छापील टंग वेट ६५०. त्यात पाणी, गॅस, बॅटऱ्या, कुकर, तांदूळ, अंथरुणं, खुर्च्या भरा, तो ७३०० वर जातो, म्हणजे सुमारे ३३०० किलो. त्याच्या तेरा टक्क्यांनी टंग वेट ९५० होतं. भार वाटणारी हिच (तिच्याबद्दल पुढे) स्वतःच ९० पौंडांची. आई, बाबा आणि दोन मुलं मिळून ४८०. बेडमधलं सामान २००. बेरीज १७२० पौंड. दारावर लिहिलंय १४५०. २७० पौंड जास्त, आणि अजून आजी गाडीत बसलेली नाही. ती बसली की ४०० पौंड जास्त. त्याच वेळी ओढण्याच्या क्षमतेत अजून ३७०० पौंड शिल्लक दिसतात! विक्रेता तुम्हाला ते ३७०० दाखवतो. हे ४०० दाखवत नाही.

एका मोठ्या डीलरच्या आवारात मी एका स्नेह्यासोबत गेलो होतो. विक्रेत्याला म्हटलं, ट्रेलरच्या दाराजवळचा पिवळा स्टिकर दाखवा, ज्यावर आत किती सामान भरता येईल आणि भरलेल्या पाण्याचं वजन किती, हे लिहिलेलं असतं. स्टिकर कुठे आहे हे त्याला शोधावं लागलं. मग विचारलं, हा भरल्यावर टंग वेट किती होईल? त्याने माहितीपत्रक उघडून रिकाम्या ट्रेलरचा आकडा वाचून दाखवला. हे भरल्यावरचं नाही म्हटल्यावर तो म्हणाला, 'लोक याहून मोठे ट्रेलर याहून लहान गाड्यांनी नेतात.' लोक नेतात! आयुष्यभर हाच माल विकणाऱ्याचं हे उत्तर. मांस विकणाऱ्याने तराजू ठेवला नाही तर त्याला दंड होतो. इथे हजारो पौंडांचा माल अंदाजाने विकला जातो आणि कुणी विचारत नाही.

हा अंदाज चुकला की त्यावरचे उपायही तोच विकतो. गाडी मागे बसली? मागच्या स्प्रिंगांपाशी हवेच्या पिशव्या लावून देतो, गाडी पुन्हा सरळ दिसेल. दिसेल हे खरं. पण हवेच्या पिशव्या गाडीचं ढुंगण उचलतात, भार कमी करत नाहीत. जिभेच्या भाराने मागची चाकं दबतात तेव्हा पुढची हलकी होतात, आणि सुकाणू आणि ब्रेक यांची मदार पुढच्या चाकांवरच असते. पिशव्या लावल्याने पुढच्या चाकांवर गमावलेला भार परत येत नाही. तो परत आणते भार वाटणारी हिच. तिच्या पोलादी दांड्या मागचा काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. ती चांगली वस्तू आहे, कौटुंबिक ट्रेलरला हवीच. पण तिने पेलोड वाढतो असं सांगणारा खोटं बोलतो. दारावरचा आकडा कुठलीही हिच, कुठलीही स्प्रिंग, कुठलाही टायर बदलत नाही.

याहून घातक उपाय लोक स्वतःच शोधतात. जिभेवर भार जास्त होतोय ना, मग जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला न्या. टंग वेट खरंच उतरतं, आणि त्यासोबत ट्रेलरचं सरळ चालणंही जातं. गावाकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू मानेवरून उचललं जातं आणि बैलांच्या हाती काही राहत नाही. ट्रेलरचं नेमकं तेच होतं, फक्त ताशी ६५ मैलांवर.

अल्टामाँट पासवर हे बघायला मिळतं. बे एरियातून योसेमिटीला निघालात की ५८० नंबरच्या महामार्गावर तो लागतोच. टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे वारा झोडपत असतो. शेजारून अठरा चाकी ट्रक जातो, त्याने रेटलेली हवा आधी तुमच्या ट्रेलरच्या शेपटीला ढकलते. हिचचा गोळा गाडीच्या मागच्या चाकांच्याही चार-पाच फूट मागे असतो, म्हणून ट्रेलरने मारलेली धडक तरफेसारखी गाडीचं मागचं अंग बाजूला फेकते. ट्रेलर डावीकडे, गाडी उजवीकडे, मग उलट. जोडी नीट जुळलेली असेल, टंग वेट पुरेसं असेल, वेग मर्यादेत असेल, तर हे हेलकावे दोन-तीनदा होऊन मरतात. नसेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. त्या क्षणी पाय ब्रेकवर जातो, आणि तोच जाऊ नये. अॅक्सिलरेटर सोडायचा, सुकाणू सरळ धरायचं, आणि हाताशी बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. ही गोष्ट ट्रेलर विकत घेतलेल्या किती जणांना ठाऊक असते? मी विचारतो, आणि लोक माझ्याकडे बघत राहतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगाची मर्यादा ५५ मैल आहे हेही अनेकांना माझ्याकडून कळतं. ट्रेलरचे अनेक टायर ६५ च्या वर चालवायला बनलेलेच नसतात. तरी लोक ७५ ने जातात आणि प्रवास छान झाला म्हणून फोटो पाठवतात.

मंडळाच्या कार्यक्रमांत हमखास भेटणारे एक काका असतात. 'अरे, मी गेली कित्येक वर्षं ओढतोय, काही होत नाही. मागे ट्रेलर आहे हे कळतसुद्धा नाही.' काका, आजच्या टर्बो इंजिनांना ओढणं जड जातच नाही. सपाट रस्त्यावर कळणार नाहीच. प्रश्न ओढण्याचा नाही, आवरण्याचा आहे. एकशेवीस नंबरच्या रस्त्याने प्रीस्ट ग्रेड उतरताना, वळणामागे वळण येत असताना, मागून सव्वातीन टन रेटत असतात तेव्हा गाडी ट्रेलरला आवरते की ट्रेलर गाडीला, एवढंच विचारायचं. दुसरे म्हणतात, कंपन्या हातचं राखूनच आकडे लिहितात. राखतही असतील. पण ते राखलेलं ब्रेकमध्ये आहे, अॅक्सलमध्ये आहे, टायरमध्ये आहे की कशातच नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंय? ज्याची जागा माहीत नाही अशा शिल्लकीवर स्वतःची पोरं बसवू नयेत. होंडाच्या पायलटच्या पुस्तिकेत एक तक्ता असतो. गाडीत माणसं वाढली की ट्रेलरचं वजन किती उतरवायचं ते त्यात लिहिलेलं असतं. इतकी सरळ गोष्ट प्रत्येक कंपनीने पहिल्या पानावर छापायला हवी, आणि बहुतेक तसं करत नाहीत.

आपला कायदा यात मूग गिळून बसला आहे. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांपर्यंतचा ट्रॅव्हल ट्रेलर साध्या परवान्यावर ओढता येतो. छोट्या सेडानने परीक्षा देऊन, समांतर पार्किंगही न करता जो मिळाला, त्याच परवान्यावर. ब्रिटनमध्ये १९९७ पासून परवाना काढलेल्यांना जड कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे तिथल्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी, वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी ती काढून टाकली, हे त्यांनी वाईट केलं. तरी तिथे एक संकेत अजून शिकवला जातो, की भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावी. त्या हिशेबाने आपल्या ७३०० पौंडांच्या ट्रेलरला साडेआठ हजार पौंडांची गाडी लागेल. अर्ध्या टनाचा ट्रक भरतो साडेपाच हजारांच्या आसपास. तो संकेत इथे जसाच्या तसा लावा असं मी म्हणत नाही, इथल्या हिच वेगळ्या आहेत. पण शेपूट कुत्र्यापेक्षा जड नको एवढं तरी कुणी म्हणतं का इथे?

मग काय करायचं? मोठा ट्रक हे एक उत्तर आहे, पण तेही स्टिकर वाचूनच. पाऊण टनाचा डिझेल ट्रक भीमासारखा ओढतो, आणि इंजिनच इतकं जड असतं की काहींच्या दारावर जेमतेम दोन हजार पौंड उरतात. त्याच वर्गातला पेट्रोलचा ट्रक बहुधा जास्त पेलतो.

दुसरं उत्तर मला जास्त पटतं. ट्रेलर लहान घ्या. तोच १४५० पेलोडचा ट्रक, तेच कुटुंब, तेच सामान आणि भरल्यावर ४५०० पौंडांचा ट्रेलर. टंग वेट ५८५, एकूण १३५५. बसतं. आजी आल्या तर बेडमधलं लाकूड घरी ठेवा, कॅम्पग्राऊंडवर विकत मिळतं, तेही बसतं. आणि ज्या योसेमिटीसाठी ही सगळी धडपड, तिथल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राऊंडमध्ये ट्रेलरची लांबीच २४ फुटांपर्यंत चालते. तीस फुटांचा बंकहाऊस घेऊन तुम्ही त्यात जाऊही शकत नाही. तीन रांगांची एसयूव्ही असेल, ५००० पौंड ओढणारी, तर हिचवर ५०० पौंडांची मर्यादा असते. तेरा टक्क्यांनी उलटं मोजलं तर भरलेला ट्रेलर ३८०० पौंडांचा. पाच हजारांचा नव्हे. आणि माणसांनी भरलेल्या गाडीत तेवढाही जाईलच असं नाही.

ज्यांनी आधीच घेतला आहे त्यांनी येत्या सुट्टीच्या आधी काट्यावर जावं. महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, पंधरा-वीस डॉलर लागतात. पाणी, गॅस, किराणा भरून, पोरांना आणि आजीला सीटवर बसवून जा. काट्याच्या तीन फळ्या असतात. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसऱ्या फळीवर, ट्रेलरची तिसऱ्या फळीवर. खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाला सांगा, गाडी खासगी आहे. आत जाऊन चिठ्ठी घ्या. मग ट्रेलर बाजूला सोडून माणसांसह नुसती गाडी पुन्हा तोला. हिचच्या दांड्या सोडून आणखी एकदा ट्रेलरसह तोललंत तर त्या वजनातल्या पहिल्या दोन फळ्यांच्या बेरजेतून नुसत्या गाडीचं वजन वजा करा. उरतं ते तुमचं खरं टंग वेट. पुढच्या-मागच्या अॅक्सलची मर्यादा दाराच्या चौकटीवरच्या दुसऱ्या स्टिकरवर असते, तिच्याशी चिठ्ठी ताडून पाहा. सगळं मिळून तासाभराचं काम आहे.

चिठ्ठी मर्यादेबाहेर गेली तर ट्रेलर विका. तोटा होईल, या मालाची किंमत झपाट्याने उतरते. तरी विका, आणि विकताना घेणाऱ्याला ती चिठ्ठी दाखवा. आणि राज्याच्या आमदाराला लिहा. ट्रेलरच्या विक्रीकरारावर तीन आकडे छापणं बंधनकारक करा, की घेणाऱ्याच्या गाडीच्या दारावरचा पेलोड किती, ट्रेलरच्या कमाल वजनाच्या तेरा टक्के किती, आणि पहिल्यातून दुसरा वजा करून कुटुंबासाठी उरतं किती. तिन्हींखाली विक्रेत्याची सही. आवारातले निम्मे सौदे त्या दिवशी थांबतील अशी ओरड डीलर करतील. थांबू देत.